लंकाबाईचा आकडा

मला बंद करायची खोड आहे. नळ, दिवा, गॅस, दुसऱ्याने अर्धवट लोटलेलं दार, जे उघडं दिसेल ते. पंख्याखाली माणूस बसलेलं असताना खोलीतून बाहेर पडता पडता मी पंखा बंद केलाय आणि त्यावरून बोलणी खाल्ली आहेत. ही खोड आईने लावली. मखमलाबादला आमची दोन एकर जमीन. मेथी, कोथिंबीर, बांधाच्या कडेने शेवंती. पोरीला शिकवायचंय म्हणून आईने मला कधी वाफ्यात उतरू दिलं नाही, पण विहिरीवरच्या मोटरीचं बटण माझ्याकडे होतं. दहा वर्षांची असताना एकदा मी मोटर चालू ठेवून शाळेत गेले. संध्याकाळी आले तर विहिरीचा तळ दिसत होता, मोटर जळाली होती आणि आई ओट्यावर बसली होती. मारलं नाही तिने. "उघडलंस ना? मग बंद करून जायचं," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून मी काही उघडं ठेवलेलं नाही.

हे सांगतेय कारण २००३ साली ह्याच खोडीपायी मी एका बाईला भर गावात चोर ठरवलं.

तेव्हा मी दिनेश सरांकडे कामाला होते. अशोक स्तंभाजवळ सायकलच्या दुकानावर दोन खोल्या, चार कॉम्प्युटर आणि बाहेर कंपनीची भली मोठी पाटी. सरांनी एका गावच्या दूध डेअरीचं काम मिळवलं होतं. दिंडोरी रोडवरून आत वळलं की ते गाव लागतं. नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून मला ओळखतात. दुधातलं फॅट मोजणारं मशीन तारेने कॉम्प्युटरला जोडायचं, मशीनचा आकडा आपोआप त्या त्या माणसाच्या नावावर पडायचा आणि पावती छापून यायची. एवढं जमलं की आजूबाजूच्या अकरा डेअऱ्या रांगेत उभ्याच आहेत, असं सर रोज चहाच्या वेळी सांगायचे.

प्रोग्राम मी लिहिला, जावामध्ये. एक क्लास, म्हणजे एक घर समजा, आणि त्यात तीन फंक्शन, म्हणजे तीन कामकरी. पहिलं माणसाचा नंबर विचारणार, दुसरं मशीनकडून आकडा घेणार, तिसरं पावती छापणार. मशीनचे आकडे तारेतून ज्या वाटेने आत येतात तिला आमच्या भाषेत इनपुट स्ट्रीम म्हणतात. माझं दुसरं फंक्शन ही स्ट्रीम उघडायचं, एक आकडा उचलायचं आणि स्ट्रीम बंद करून बाहेर पडायचं. पुढचा माणूस आला की परत उघडायचं, परत बंद करायचं. सरांनी माझा कोड वाचून बाकीच्या पोरांना सुनावलं, "बघा. तुम्ही सगळं उघडं टाकून पळता. हिची झाकपाक बघा कशी आहे." मी आठवडाभर हवेत होते.

ऑफिसात तसंच दुसरं मशीन होतं, त्यावर पिशवीचं दूध आणून दोन दिवस तपासलं. नमुना घातला, थांबलो, आकडा आला, पावती आली. मग दुसरा नमुना. एकही चूक नाही. सोमवारी पहाटे, रांग लागायच्या आधी, डेअरीत प्रोग्राम बसवून मी परत आले.

आता डेअरी कशी चालायची ते सांगायला हवं. सकाळी सहाला कॅन रांगेत लागायचे. माणसं नाही, कॅन. माणूस कोपऱ्यावर तंबाखू मळत असला तरी त्याचा कॅन आपल्या जागी उभा, आणि ती जागा त्याच्या बापाच्या वेळेपासून ठरलेली. चौथा कॅन चेअरमन चिमाजी अण्णांचा, पाचवा लंकाबाईचा, सहावा भिकाचा. पुढे-मागे व्हायचं नाही. मशीनवर गोरक्ष नावाचा गडी होता, हाताचा भलता चपळ. मशीनची घंटी वाजली, म्हणजे आकडा निघाला, की तो लगेच पुढच्याचा नमुना आत सरकवायचा. पावती निघाली का नाही हे बघत बसायचा नाही. मशीनला आकडा दाखवणारी काच होती, पण लोक तिच्यावर वाकून भांडायचे म्हणून अण्णांनी मशीनचं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवलं होतं. आणि प्रिंटर जुना. रोज सकाळची पहिली पावती तिरकी अडकायची, ती गोरक्ष चुचकारून सरळ ओढायचा. त्यात मिनिटभर जायचं.

ह्यातली एकही गोष्ट मी सोमवारी विचारली नाही. मला बस गाठायची होती.

मंगळवारी गोरक्षचा फोन आला. "मॅडम, सगळं झ्याक चाललंय, फक्त शेवटच्या माणसाची पावती येईना. कॉम्पुटर नुसता वाट बघत बसतो. परत नमुना टाकला का मग येती."

"बंद करून चालू करा," मी म्हटलं. हे आमच्या धंद्यातलं अंगाऱ्यासारखं आहे, कशालाही लावायचं.

बुधवारी कागदाचे गठ्ठे पोचवायला मी सकाळीच गेले. पोचले तर रांग थांबलेली आणि टेबलापाशी एक साठीची बाई उभी. काठापदराचं जुनं लुगडं, हात कोपरापर्यंत ओले. ती लंकाबाई. तिच्याकडे एकच गाय होती, तांबडी. त्या गावात तान्ह्या मुलाला वरचं दूध लावायचं तर चार गाईंचं मिसळलेलं लावत नाहीत, एकाच गाईचं लावतात. आणि ती गाय म्हणजे लंकाबाईची. पंचवीस वर्षांत गावातली निम्मी पोरं तिच्या गोठ्यातल्या दुधावर वाढली होती. अण्णांच्या नातवालाही तिचंच दूध चालू होतं. अण्णांची सून छाया रोज फुलपात्र घेऊन रांगेच्या कडेला उभी असायची, मोजायच्या आधी त्यात दूध ओतलं जायचं. त्या दिवशी ती उशिरा आली होती, रिकामं फुलपात्र घेऊन उभी होती.

"परत टाक नमुना," लंकाबाई म्हणत होती.

"मावशे, आज तिसरा दिस हाय. तिन्ही दिस दोन पॉईंट सहा. परत टाकून का चार हुनार हाय?" गोरक्ष म्हणाला. "मागं लाईन बघ ना."

डेअरीचा नियम असा, की ओळीने तीन दिवस तीनच्या खाली फॅट आलं तर दुधात पाणी आहे असं धरायचं. नाव फळ्यावर लाल खडूने लिहायचं आणि आठ दिवस दूध घ्यायचं नाही. नियम अण्णांनीच केला होता आणि तो सगळ्यांना मान्य होता. आजवर त्या फळ्यावर दोनच नावं लागली होती, आणि ती दोन्ही घरं नंतर दूध घालायला दुसऱ्या गावाला जायची.

लंकाबाई माझ्याकडे वळली. "तू कंपनीची ना गं? हा परोग्राम कोनी लिव्हला?"

"मी लिहिलाय, मावशी."

"मंग तूच सांग. मी पानी घातलं का?"

सगळी रांग माझ्याकडे बघत होती. मला साडेनऊला ऑफिसात हजर व्हायचं होतं, बस चुकली तर सर बोलणार होते, आणि खरं सांगायचं तर माझ्या प्रोग्रामवर कोणी बोट ठेवलेलं मला सहन झालं नाही. मी म्हटलं, "मशीन खोटं बोलत नाही, मावशी."

अण्णा उठले, लाल खडू घेतला आणि फळ्यावर सावकाश, सुवाच्य अक्षरात लंकाबाईचं नाव लिहिलं. तिने ते पूर्ण होईपर्यंत बघितलं, मग कॅन उचलला आणि गेली. छायाने रिकामं फुलपात्र पदराखाली घेतलं. भिकाने पायाने ढकलून आपला कॅन पुढे सरकवला.

बस मिळाली. पण त्या दिवशी ऑफिसात माझं बूड खुर्चीला टेकेना. चार वेळा पाणी प्यायले, दोनदा जिना उतरून खाली सायकलच्या दुकानात उगाच उभी राहिले. ती बाई पाणी घालत असेल, लोक घालतातच, आपल्याला काय करायचंय, असं मी मला सांगत होते. पण पाणी घालणारं माणूस नमुना परत टाक म्हणून अडून बसेल कशाला? हा प्रश्न मी मिटवायला गेले की परत उघडायचा. घरी आईने विचारलं, काय झालंय? मी तिच्यावरच खेकसले.

गुरुवारी सकाळी दहाला सर फोन ठेवून माझ्या टेबलाशी आले. चेहरा पांढरा. "चेअरमनच्या दुधाला दोन पॉईंट सहा आलंय! तुमचं मशीन फुटकं आहे म्हणतोय. ताबडतोब जा."

मला राग आला, आणि कोणावर काढावा ते कळेना. बुधवारी लंकाबाईचं दूध पातळ निघालं तेव्हा मशीन खरं होतं. गुरुवारी अण्णांचं निघालं तर मशीन फुटकं. मी गेले. अण्णांनी मशीनवर गोणपाट टाकलं होतं. दुरुस्त होईपर्यंत मोजणी बंद, सगळ्यांचं दूध नुसतं मापून घेणार, म्हणाले. फळ्यावरचं नाव मात्र तसंच होतं. लंकाबाईसाठी गोणपाट टाकावंसं कोणाला वाटलं नव्हतं.

मी दहा नमुने घालून बघितले. एकेक, सावकाश, पावती हातात आल्यावर पुढचा. दहाच्या दहा बरोबर. गोरक्ष बाजूला उभा राहून जांभया देत होता. "मी असं नाय करत मॅडम, असं केलं तं दुपार हुईल," म्हणाला, पण ते माझ्या कानावरून गेलं. चार दिवसांच्या याद्या घेऊन मी घरी आले.

त्या संध्याकाळी पडवीत याद्या पसरून बसले. सोमवार, मंगळवार, बुधवार, लंकाबाईच्या नावापुढे दोन पॉईंट सहा. गुरुवारी लंकाबाई रांगेत नाही, तर तोच आकडा अण्णांच्या नावापुढे. लंकाबाईच्या मागे कोण? भिका. ती गेल्यावर अण्णांच्या मागे कोण आला? भिकाच. म्हणजे भिकाच्या पुढे जो उभा राहील त्याचं दूध पातळ. आणि भिकाच्या स्वतःच्या नावापुढे रोज तीन पॉईंट नऊ, अगदी ठणठणीत. कोणाचा तरी आकडा कोणाच्या तरी नावावर पडत होता. पण कसा? प्रोग्राम मी ओळ न ओळ वाचला. उघडतोय, घेतोय, बंद करतोय. कुठेही काही सांडलेलं दिसेना. मी उठून येरझाऱ्या घालायला लागले तेव्हा आईने याद्या गोळा करून ट्रंकेवर ठेवल्या आणि मला जेवायला बसवलं.

शुक्रवारी पहाटे लाइट आली तशी आईने मोटर चालू केली. उजाडल्यावर मी ब्रश तोंडात धरून बांधावर आले. आई मेथीला पाणी देत होती, फावडं हातात, पाय चिखलात. घरातून दूध उतू जायचा वास आला तशी ती ओरडली, "साधना, जरा दारं धर. मी आलेच." आणि धावत गेली.

दारं धरणं म्हणजे काय ते मला लांबून बघून माहीत होतं. पाटाचं पाणी एका वाफ्यात सोडायचं, तो भरला की मातीने त्याचं तोंड बुजवायचं आणि पुढच्या वाफ्याचं फोडायचं. पण हातात फावडं कधी घेतलेलं नव्हतं. पहिला वाफा भरला. पाणी वाया जाऊ नये म्हणून मी आधी पळत जाऊन मोटर बंद केली. मग परत येऊन वाफ्याचं तोंड बुजवलं, पुढचं फोडलं, परत पळत जाऊन मोटर चालू केली. पाणी यायला वेळ लागला. तिसऱ्या वाफ्याला पुन्हा तेच. माझं मलाच कौतुक वाटत होतं, एक थेंब सांडू देत नाही म्हणून.

आई आली ती ओरडतच. "मोटर कशाला बंद करतेस? अगं, पाटात होतं तेवढं पाणी जिरून गेलं ना सगळं! दर वेळेला निम्मा पाट जिरवतेस आणि परत पहिल्यापासून भरतेस. मोटर चालू ठेवायची गं बाई. एक दार लावायचं, दुसरं फोडायचं, पाणी त्याच्या वाटेने येत राहातं. बंद करायची ती शेवटचा वाफा भरल्यावर." तिने शेताच्या टोकाकडे हात केला. "आता लाइट जाईल आणि शेवटचे वाफे राहातील कोरडे."

शेवटचे. शेवटच्या माणसाची पावती येत नाही.

मी फावडं टाकलं आणि तशीच, चिखलाच्या पायांनी, शेजाऱ्यांची स्कूटी काढली. आई मागून काहीतरी म्हणाली ते ऐकू आलं नाही.

ऑफिस उघडायला तासभर होता. किल्ली खालच्या दुकानात असायची. ऑफिसातलं मशीन लावलं, गोरक्षसारखं करून बघितलं. पहिला नमुना घातला, घंटी वाजताच दुसरा आत, आणि मुद्दाम प्रिंटरचा कागद तिरका धरून ठेवला. पावती अडकली. पावतीचं फंक्शन अडकलं. फॅटच्या फंक्शनने तर आपलं काम संपवून स्ट्रीम कधीच बंद केली होती. इतक्यात दुसरी घंटी वाजली. दुसऱ्याचा आकडा मशीनमधून निघाला, तारेतून आला, बंद दाराशी आला आणि जिरून गेला. पावती सुटल्यावर प्रोग्रामने दुसऱ्याचं नाव घेतलं, स्ट्रीम नव्याने उघडली आणि शहाण्यासारखा वाट बघत बसला. तिसऱ्याचा आकडा आला तो त्याने दुसऱ्याच्या नावावर टाकला.

रोज सकाळी पहिली पावती अडकत होती. रोज सकाळी दुसऱ्याचा आकडा जिरत होता, आणि तिथून पुढे प्रत्येकाला मागच्याचा आकडा मिळत होता. लंकाबाईला भिकाचा. शेवटच्याच्या मागे कोणीच नाही म्हणून त्याची पावती नाही. गोरक्षने मंगळवारीच मला सांगितलं होतं आणि मी त्याला अंगारा लावला होता.

दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. स्ट्रीम त्या एका फंक्शनच्या हातातून काढून घेतली आणि क्लासच्या मालकीची केली. सकाळी प्रोग्राम सुरू होताना ती एकदा उघडणार. तिन्ही फंक्शन येतील-जातील, स्ट्रीम उघडीच राहील. पावती अडकली तरी मागून आलेला आकडा आपल्या जागी उभा राहील, कॅनसारखा. रांग संपली की मग बंद. वीस मिनिटं. मी खुर्चीत बसून रडले, अगदी हुंदके देऊन.

दहाला सर आले. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "केबल."

"काय?"

"केबल लूज होती, बदलली. चेअरमनला एवढंच सांगायचं. प्रोग्रामचं नाव काढायचं नाही. अकरा डेअऱ्या आहेत साधना, प्रोग्राम चुकतो म्हटलं की एकही राहाणार नाही."

शनिवारी सकाळी मी नवा प्रोग्राम बसवला. रांग लागली. पहिली पावती तिरकी अडकली, गोरक्षने ओढली, मागचा आकडा आपल्या जागी थांबला. अण्णांना चार पॉईंट शून्य. त्यांच्या मागे भिका. दोन पॉईंट सहा. गोरक्षने आकडा मोठ्याने वाचला आणि रांगेतल्या माना भिकाकडे वळल्या.

"हिरवा चारा लय झाला तिला," भिका म्हणाला, आणि कॅनचं झाकण लावता लावता ते त्याच्या हातातून दोनदा पडलं.

अण्णा माणूस हुशार. त्यांनी फळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हंजे त्या लंकाचं... काय झालं व्हतं मॅडम?"

"केबल," मी म्हटलं. "केबल लूज होती, अण्णा."

"आसं का? बरं बरं." ते खुर्चीत टेकले, चहाचा कप घेतला. "गोरक्ष, पूस रे ते." गोरक्षने टेबल पुसायचं फडकं घेऊन दोन हात मारले. रांग पुढे सरकली. कोणी म्हटलं नाही की जाऊन तिला सांगा.

मी बाहेर येऊन स्कूटीला किक मारली. मग बंद केली. परत मारली. चौथ्यांदा बंद केल्यावर एका पोरीला विचारत लंकाबाईच्या घरी गेले.

गोठ्यात ती तांबडी गाय उभी होती आणि वासरू सुटं सोडलेलं, चारही सडांना आळीपाळीने ढुशा देत होतं. लंकाबाई दारात बसून बघत होती. "बस," म्हणाली. "तीन दिस झालं, त्यालाच पाजतेय. ते इचारीत नाय फॅट किती म्हनून." मग हळूच म्हणाली, "छायी बी आली नाय. पोराला पावडर लावली म्हनं."

मी उभ्यानेच सांगितलं. फळ्यावरचं नाव पुसलंय. अण्णांना केबल म्हणाले, पण केबल नाही, प्रोग्राम. आणि प्रोग्राम माझा. समजावून सांगायला गेले तर शब्द सापडेनात, म्हणून आईच्या पाटाचं सांगितलं. मी दर वेळी दार लावून घेत होते, मावशी. मध्येच आलेला आकडा जिरून जात होता.

तिने बोटांवर मोजल्यासारखं करून जरा हिशेब लावला. "म्हंजे माझ्या दुधाचा आकडा रोज यीत व्हता. आन तू दार लावून बसली व्हतीस."

"हो."

"आन मी तुला इचारलं, तवाबी."

"हो, मावशी."

वासरू पिऊन झालं होतं, तरी ढुशा देत होतं. तिने उठून त्याला बांधलं. "नाव पुसलं म्हनतीस फळ्यावरचं," म्हणाली. "कोन व्हतं बघाया? लिव्हताना सारा गाव हुबा व्हता. तुबी हुबी व्हतीस. उद्याच्याला मी दूध घिऊन येते. तू ये. आन हे मला सांगितलंस ते तितं सांग."

दिनेश सर, अकरा डेअऱ्या, माझी नोकरी, सगळं डोक्यात फिरलं. फिरत फिरतच मी हो म्हटलं.

रविवारी सकाळी मी रांगेआधी पोचले. लंकाबाई आली तेव्हा तिच्या जागी भिकाचा कॅन होता. तिने आपला कॅन त्याच्या शेजारी ठेवला आणि उभी राहिली. भिकाने आपला मागे ओढला. तिची पाळी आली, घंटी वाजली, पावती निघाली. "चार पॉईंट तीन," गोरक्ष म्हणाला. त्या दिवशीचा सगळ्यात मोठा आकडा.

मग मी बोलले. मागच्यांनाही ऐकू जावं म्हणून जरा ओरडूनच बोलले. केबल कधीच लूज नव्हती, चूक माझ्या प्रोग्रामची होती, लंकाबाईंचा आकडा रोज बरोबर येत होता आणि मी तो घालवत होते, आणि त्यांनी विचारलं तेव्हा मी तपासून न बघता मशीन खोटं बोलत नाही म्हटलं. अण्णांचा चेहरा लाल झाला. "जाऊ द्या, झालं गेलं," म्हणाले. "नाव तं पुसलंय ना कालच."

लंकाबाई टेबलापाशी गेली, खडूच्या डबीतला लाल खडू घेतला आणि माझ्यासमोर धरला. "लिव्ह," म्हणाली. "तुझं."

मी अण्णांकडे बघितलं. ते दुसरीकडे बघत होते. मी फळ्यावर लिहिलं, साधना. तिला वाचता येत नव्हतं. तिने गोरक्षला विचारून खात्री करून घेतली.

"किती दिवस, मावशी?"

"माझं जितके दिस व्हतं तितके."

तीन दिवस मी रोज सकाळी गेले. मशीन नीट चालतंय का ते बघायचं होतं, हे खरं. पण गेले नसते तरी चाललं असतं. रांगेतला प्रत्येक माणूस फळा वाचायचा आणि मग माझ्याकडे बघायचा. सोमवारी छाया फुलपात्र घेऊन आली, रांगेच्या कडेला तिच्या जुन्या जागी उभी राहिली. लंकाबाई म्हणाली, "पयलं मशीनला इचार, मंग घे." छायाच्या डोळ्यांत पाणी आलं. पावती निघेपर्यंत लंकाबाईने तिला खरंच थांबवलं, आणि मग फुलपात्र काठोकाठ भरून दिलं.

अकरा डेअऱ्यांचं काम दुसऱ्याच कोणाला गेलं. दिनेश सर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत आणि दिवाळीत मी नोकरी सोडली. त्याचं मला फार वाईट वाटलं असं नाही.

त्या बुधवारी फळ्यावरची माझी मुदत संपली. रांग संपल्यावर मी टेबलावरचं फडकं उचलून फळ्याकडे निघाले, तशी लंकाबाईने माझा हात धरला. फडकं काढून घेतलं, टेबलावर टाकलं. "ते सांडलेल्या दुधाचं हाय, नावाचं नाय," म्हणाली. मग कॅन खाली ठेवला, टाचा उंचावल्या आणि माझं नाव तिने पदराने पुसलं.